सहा मिनिटं आणि लुट्झचा कोपरा

दरवर्षी मार्चमध्ये जागतिक फिगर स्केटिंग अजिंक्यपद स्पर्धा येते आणि त्या आठवड्यात माझा कुणालाच काही उपयोग नसतो. पण पदकांपेक्षाही मला ओढ असते ती प्रत्येक गटाआधीच्या सहा मिनिटांच्या वॉर्म-अपची. प्रक्षेपणवाले नेमक्या त्याच वेळी जाहिराती घुसवतात, नाहीतर कुणाचे तरी लहानपणीचे फोटो दाखवत बसतात. अरे, बर्फावर काय चाललंय ते दाखवा की!

आणि चाललेलं असतं बरंच काही. फाटक उघडायच्या आधीच गटातल्या सहाही जणी तिथे दाटीवाटीने उभ्या असतात. कुणी मान मोकळी करतेय, कुणी उगाच बुटाची नाडी चाचपतेय. ब्लेडवरची प्लॅस्टिकची कव्हरं काढून प्रशिक्षकाच्या हातात दिली जातात आणि फाटक उघडताच सगळ्या सुसाट सुटतात. पहिल्या एक-दोन फेऱ्या नुसत्या वेगाच्या. मग एखाद-दुसरी साधी उडी, मग पुढे जिथे ट्रिपल, म्हणजे तीन गिरक्यांची उडी, मारायची त्याच जागी एकच गिरकी घेऊन बघणं. तेवढ्यात अंग तापतं, जॅकेट उतरतं आणि कठड्यावर भिरकावलं जातं. बऱ्याच जणी दर मिनिटाला कठड्यापाशी येतात, पाण्याचा घोट घेतात, प्रशिक्षक दोन शब्द सांगतो, की पुन्हा मैदानात. प्रशिक्षकांचे हात बघण्यासारखे असतात. खांदा किती वर, कंबर कुठे, सगळं हवेतच दाखवलं जातं.

यात गुण मिळत नाहीत, त्यामुळे कुणी कुणासाठी नटत नाही. पडलं तरी हसू येतं, किंवा सरळ वैतागलेला चेहरा दिसतो. स्पर्धेतला चेहरा अजून चढवायचा असतो.

आता जरा धोक्याचं. रिंक साधारण 60 मीटर लांब आणि 30 मीटर रुंद. ऐकायला मोठी वाटते, पण सहा जण पूर्ण वेगात असले की ती आक्रसते. त्यातून उड्यांच्या सहा प्रकारांपैकी पाचांचं टेकऑफ पाठमोरं असतं. त्यातली लुट्झ नावाची उडी तर सगळ्यांत वाईट. उलटं सरकत, लांबलचक वळसा घेत खेळाडू कोपऱ्याकडे जाते आणि मग डाव्या पायाच्या बाहेरच्या कडेवरून उडते. मागून कोण येतंय ते दिसायला मार्गच नाही, खांद्यावरून एक नजर टाकली तर टाकली. बहुतेक जण डावीकडे फिरतात, म्हणून लुट्झचा कोपराही सगळ्यांचा जवळपास एकच. जपानच्या सातोको मियाहारासारखी उजवीकडे फिरणारी एखादी असली की तिचा कोपरा बरोबर उलटा, आणि मग तिचे वळसे इतरांच्या वाटा कापत जातात. नेहमीच्या सरावात ज्याचं संगीत चालू असेल त्याला वाट द्यायची, अशी रीत असते. वॉर्म-अपमध्ये तो आधारही नसतो.

अॅक्सल तेवढी सभ्य उडी. समोर बघून घेतली जाते, म्हणूनच तिच्यात अर्धी गिरकी जास्त असते. अमेरिकेच्या इलिया मॅलिनिनने 2024 मध्ये माँट्रियलला फ्री स्केटमध्ये, म्हणजे दुसऱ्या, लांब फेरीत, चौपट अॅक्सल, म्हणजे साडेचार गिरक्या, धरून एकूण सहा चौपट उड्या मारल्या आणि फ्री स्केटचे 227.79 गुण घेतले. तो विक्रम होता, ते सगळ्यांना माहीत आहे. मला मात्र तशा उडीच्या आधी वॉर्म-अपमध्ये बाकीचे पाच जण कुठे असतात, तेच बघायचं असतं.

टक्कर होते तेव्हा काय होतं ते म्युनिकला 1991 मध्ये दिसलं. वॉर्म-अपमध्ये फ्रान्सची लेटिशिया ह्युबर्ट जपानच्या मिडोरी इटोवर आदळली. नंतर शॉर्ट प्रोग्रॅममध्ये, म्हणजे पहिल्या, छोट्या फेरीत, इटोने उडी कठड्याच्या फार जवळ घेतली आणि कॅमेऱ्यासाठी ठेवलेल्या फटीतून ती थेट रिंकच्या बाहेर गेली! क्षणात परत आत येऊन तिने प्रोग्रॅम पुढे चालू ठेवला. 1989 ची विश्वविजेती, आणि तिथे चौथी. तिन्ही पदकं यामागुची, हार्डिंग आणि केरिगन या अमेरिकन मुलींकडे गेली. शांघायला 2014 च्या कप ऑफ चायनात जपानचा युझुरू हान्यू आणि चीनचा हान यान तर इतक्या जोरात आदळले की हान्यू डोक्याला पट्टी बांधून फ्री स्केटला उतरला, पाच वेळा पडला आणि तरी रौप्य घेऊन गेला. लोक त्याला शौर्य म्हणतात. मला विचाराल तर त्या दिवशी त्याला बर्फावर सोडायलाच नको होतं.

जोड्यांच्या गटात चार जोड्या असतात, म्हणजे आठ माणसं, आणि त्यातल्या काही हवेत फेकल्या जाणार. त्यांचा वॉर्म-अप मी अर्धा डोळा मिटूनच बघते.

सहा मिनिटं संपली की अन्याय सुरू होतो. पहिली तशीच बर्फावर थांबते, धाप लागलेली असतानाच तिचं नाव पुकारलं जातं. शेवटचीला अर्ध्या तासाहून जास्त वाट बघायची, तोवर पाय थंड. काही जणी बूट सोडून पुन्हा बांधतात, काही आतल्या बोळात दोरीवरच्या उड्या मारतात, काही कानात संगीत घालून कुणाकडेही न बघता येरझाऱ्या घालतात. मधल्या वेळात आतून टाळ्या ऐकू येतात. त्या आपल्यासाठी नाहीत हे माहीत असूनही ऐकाव्याच लागतात.

2025 मध्ये बोस्टनला माझी नजर अलिसा लिऊवर होती. 2022 मध्ये, सोळाव्या वर्षी, तिने खेळ सोडला होता. दोन वर्षांनी परतली आणि बोस्टनला 222.97 गुणांनी विश्वविजेती झाली. अमेरिकन मुलीने हे पद मिळवलं ते 2006 मधल्या किमी माइस्नरनंतर थेट तेव्हाच. इतर जणी पुटपुटत मोजणी करत असताना ही आपली मैत्रिणींबरोबर फिरायला आल्यासारखी दिसत होती. अर्थात त्यावरून निकाल सांगता येत नाही. मजेत दिसलेल्या कितीतरी जणी पुढच्या चार मिनिटांत कोसळलेल्या मी पाहिल्या आहेत.

तुम्ही पुढच्या मार्चमध्ये बघणार असाल तर एकच सांगते. समालोचन बंद करा, सहांपैकी एकीला निवडा आणि पूर्ण सहा मिनिटं तिच्यावरून नजर हलवू नका. कॅमेरा दुसरीकडे गेला तर माझ्यासारखंच त्या दिग्दर्शकाला चार शब्द सुनवा.