मागच्या चाकावरची नाल

सायकलवरून सोलापूरच्या सात रस्ता चौकात सिग्नलला थांबलो की शेजारचा कुणीतरी विचारतोच, "काका, चाकावर ती नाल कशाला लावलीय?" आमच्या गल्लीतल्या एका आजींना वाटलं, दृष्ट लागू नये म्हणून लावली असेल. परवा तुम्हीही विचारलंत, म्हणून एकदा नीट सांगतो. घोड्याची नाल नाही ती. ब्रेक बूस्टर आहे, म्हणजे ब्रेक दाबल्यावर फ्रेम फाकू नये म्हणून लावलेली कमान, आणि मी तो घरच्या अंगणात बसून हॅक्सॉनं कापलाय.

सुरुवात तुळजापूरच्या घाटात झाली. कोजागरीला आमच्या घरची माणसं सोलापूरहून तुळजापूरला चालत जातात, पंचेचाळीसेक किलोमीटर. मी सायकलवर त्यांच्या मागेपुढे असतो. दर्शन झाल्यावर बाकीचे एसटीनं परततात आणि सगळ्यांची पांघरुणं माझ्या कॅरिअरवर येतात. त्या वर्षी घाट उतरताना मागचा लिव्हर दाबत गेलो तो थेट हँडलच्या रबराला टेकला, तरी सायकल थांबेना. शेजारून ट्रक जात होते. पुढचा ब्रेक जपून धरत, पाय घासत खाली आलो. घरी पोचल्यावरसुद्धा हात थरथरत होते.

दुसऱ्या दिवशी ब्रेकची रबरं बदलली, केबल बदलली, बाहेरची नळीही नवी टाकली. थोडाच फरक पडला. एका दुकानात सांगितलं, या सायकलचा ब्रेक असाच असतो. ते मला पटलं नाही. मी अक्कलकोट रोडला यंत्रमागांवर जॉबर म्हणून, म्हणजे माग दुरुस्त करून लावून द्यायचं, काम करतो. माग सारखे धागे तोडायला लागला की आम्ही सुताला बोल लावत नाही, काय हलतंय ते आधी बघतो.

म्हणून मुलीला लिव्हर दाबायला लावलं आणि मी सायकलच्या मागे उकिडवा बसलो. तिनं दाबलं की चाकाच्या दोन्ही बाजूंच्या फ्रेमच्या नळ्या बाहेर फाकत होत्या. "नुसत्या डोळ्यांना दिसतंय, पप्पा," असं ती म्हणाली तेव्हा मी व्हर्नियर, म्हणजे बारीक माप घ्यायची पट्टी, शोधत होतो. ब्रेकच्या दोन बोल्टांमधलं अंतर ८० मिलिमीटर होतं, ते दाबल्यावर ८२ होत होतं.

माझा ब्रेक व्ही-ब्रेक, शिमानोनं १९९६ च्या सुमारास आणलेल्या प्रकारचा. त्याचे दोन हात खाली फ्रेमवरच्या खुंट्यांवर फिरतात, केबल त्यांची वरची टोकं जवळ ओढते आणि मधली रबरं रिमला दाबतात. हाताची लांबी खुंटीपासून रबराच्या उंचीच्या चौपट धरा. केबलनं एक किलोनं ओढलं तर रबर चार किलोनं दाबतं, आणि खुंटीला तीन किलोचा धक्का बाहेरच्या बाजूला बसतो. नळ्या बारीक असल्या की खुंट्या फाकतात आणि आपल्या बोटांचं काम रिमवर न पडता फ्रेम वाकवण्यात जातं. बूस्टर ब्रेकला जादा जोर देत नाही. दोन्ही खुंट्या टायरवरून कमानीनं बांधून ठेवतो, एवढंच.

पहिली कमान फसली. दोन मिलिमीटरच्या लोखंडी पत्र्याची केली होती, जेमतेम बोटाएवढी रुंद. लिव्हर दाबला की तीच चिमट्यासारखी उघडायची. मग वहीत गणित मांडलं तेव्हा लक्षात आलं की इथं जाडीपेक्षा रुंदी महत्त्वाची. जाडी दुप्पट केली तर ताठपणा दुप्पट होतो, पट्टीची रुंदी दुप्पट केली तर आठपट. कमान जितकी उंच तितकी लेचीपेची, म्हणून ती टायरला शक्य तितकी जवळ हवी. पण पावसाळ्यात आपली काळी माती टायरला कशी लिंपते ते तुम्हाला माहीत आहे. म्हणून बारा मिलिमीटर फट ठेवली.

दुसरी कमान भंगारातून आणलेल्या सहा मिलिमीटर ॲल्युमिनियमच्या प्लेटची. लोखंडाच्या मानानं ते एक तृतीयांशच ताठ, पण वजनही एक तृतीयांश, आणि घरच्या हत्यारांनी कापता येतं. टॉवेलच्या खोक्याचा पुठ्ठा कापून सायकलवर चारदा लावून पाहिला, मग प्लेटवर आखणी केली. आतल्या गोलाईला ओळीनं भोकं पाडली, मधलं हॅक्सॉनं तोडलं आणि अर्धगोल कानस घेऊन बसलो. ॲल्युमिनियम कानशीच्या दातांत भरतं, मग कानस नुसती घसरते. दातांवर शाळेचा खडू घासला की कीस झटकन पडतो. दोन संध्याकाळी गेल्या त्यात. आतला एकही कोपरा टोकदार ठेवला नाही, तडा तिथूनच जातो.

एक भोक गोल ठेवलं, दुसरं कानशीनं किंचित लांबट केलं. दोन्ही घट्ट गोल असती आणि माप केसभर चुकलं असतं, तर बोल्ट आवळताना खुंट्याच ओढल्या गेल्या असत्या. बोल्टही बदलावे लागतात, पण जुन्यापेक्षा प्लेट आणि वॉशर यांच्या जाडीएवढेच जास्त लांब घ्यायचे. त्याहून लांब घेतले तर खुंटीच्या तळाला टेकतात आणि आवळल्यासारखं वाटूनही पकड बसत नाही. ब्रेकचे हात मोकळे फिरतात ना, हेही बघायचं; कमानीला घासत असतील तर मध्ये वॉशर टाकायचे.

बसवल्यावर मुलीला परत दाबायला लावलं. व्हर्नियर ८० वरून जेमतेम हलला. लिव्हर निम्म्यातच दगडासारखा थांबला. पुढच्या कोजागरीला तेवढंच ओझं घेऊन तोच घाट उतरलो, मागच्या ब्रेकवर दोन बोटं ठेवून.

तुमच्यापैकी तिघांनी "मलाही करून द्या" म्हटलंय. देतो, पण आधी कुणाला तरी लिव्हर दाबायला सांगा आणि मागून बघा. नळ्या फाकत नसतील तर बूस्टरचा उपयोग नाही. केबल, रबरं बघा. वडिलांच्या काळ्या सायकलला सळईचे ब्रेक असतात, तिला या खुंट्याच नसतात. खुंटीला तडा असेल तर आधी वेल्डरकडे जा. आणि माझ्याकडे येताना नुसतं माप नको, सायकल घेऊन या. टायर कोणता आहे ते बघितल्याशिवाय मी पुठ्ठा कापत नाही.