ग्रिनिचची समुद्रजत्रा: फुकट आहे, पण वेळ मोजावा लागतो

८ जून हा जागतिक महासागर दिन. १९९२ साली रिओच्या परिषदेत कॅनडाने कल्पना मांडली आणि २००८ मध्ये संयुक्त राष्ट्रांनी त्यावर शिक्कामोर्तब केलं. लंडनमध्ये मुलाबाळांसकट तो साजरा करायचा तर ग्रिनिचचं नॅशनल मेरिटाइम म्युझियम गाठावं. तारखेच्या जवळपासच्या सुट्टीच्या दिवशी तिथे कुटुंबांसाठी समुद्राची जत्राच भरते. संग्रहालयाला एरवीही तिकीट नाही, जत्रेलाही नाही. पैसे लागत नाहीत म्हणून अर्धं लंडन लोटतं, आणि जे पैशात वाचतं ते रांगेत जातं. तेव्हा पुढचं सगळं रांग कशी टाळायची आणि टाळता येत नसेल तर ती कुठे लावायची याबद्दल आहे.

आधी पोचायचं कसं ते. सगळे डीएलआरने (ड्रायव्हरविना धावणारी लंडनची हलकी रेल्वे) कटी सार्क स्टेशनला उतरतात. हे स्टेशन जमिनीखाली आहे आणि प्लॅटफॉर्म आखूड. लांब गाडीच्या दोन्ही टोकांचे दरवाजे इथे उघडत नाहीत. गाडीत घोषणा होते, पण मुलं पुढच्या खिडकीला नाक लावून बसलेली असतात (गाडीतली ती सगळ्यात भारी जागा) आणि मग बाबागाडी ओढत मधल्या दारापर्यंत धावाधाव होते. एक स्टेशन आधीच मधे सरकावं. एस्कलेटर बदलायच्या कामासाठी २०२५ मध्ये हे स्टेशन बंद ठेवलं होतं, त्यामुळे निघण्यापूर्वी टीएफएलच्या (लंडनची वाहतूक चालवणारी संस्था) साइटवर एक नजर टाकलेली बरी. पर्याय म्हणजे ग्रिनिच स्टेशन. तिथून दहा-बारा मिनिटं चालावं लागतं, पण वाट सपाट आहे.

डीएलआरच्या बहुतेक स्टेशनांवर अडवणारी गेट नाहीत, फक्त कार्ड लावायचे खांब आहेत. गप्पांच्या नादात उतरताना कार्ड लावायचं राहिलं की पूर्ण कमाल भाडं कापलं जातं. प्रत्येक मोठ्या माणसाला वेगळं कार्ड हवं. जाताना फोन आणि येताना कार्ड असंही करू नये, कारण मशीनच्या लेखी ती दोन वेगळी माणसं असतात. ११ वर्षांखालची चार मुलं एका तिकीटवाल्या मोठ्याबरोबर ट्यूब आणि डीएलआरवर फुकट येतात. लंडन ब्रिजहून सुटणाऱ्या साउथईस्टर्नच्या गाडीलाही हेच लागू आहे असं गृहीत धरू नका.

नदीतून बोटीने जाणं महाग पडतं, आणि हे भाडं ट्यूबच्या रोजच्या कमाल मर्यादेतही धरलं जात नाही. तरी समुद्राच्या जत्रेला जाताना एकदा बोटीने जावंच. फक्त ती सकाळी घ्यावी आणि परतताना डीएलआर धरावी. संध्याकाळी चार-पाचच्या सुमाराला ग्रिनिच धक्क्यावर थकलेल्या मुलांना घेऊन उभं राहण्यात काही अर्थ नाही.

संग्रहालय १० ते ५ उघडं असतं. किंग विल्यम वॉकने वर चालत जाऊन बागेच्या बाजूच्या, म्हणजे सॅमी ओफर विंगच्या दाराने आत शिरावं. दाराबाहेर भली मोठी बाटली आहे आणि तिच्यात शिडाचं जहाज. यिंका शोनिबारे या कलाकाराने केलेली ही ब्रिटिश नौदलाच्या अॅडमिरल नेल्सनच्या ‘व्हिक्टरी’ या जहाजाची एक तीसांश प्रतिकृती. तिची ३७ शिडं रंगीबेरंगी नक्षीच्या कापडाची आहेत. २०१० ते २०१२ ती ट्रफाल्गर चौकातल्या चौथ्या चौथऱ्यावर होती. चुकामूक झाली तर भेटायची जागा म्हणून हीच ठरवून टाका. ‘दाराशी भेटू’ म्हणाल तर फसाल, कारण दारं एकापेक्षा जास्त आहेत. बाटली मात्र एकच. लहानग्यांच्या मनगटावर बॉलपेनने फोन नंबर लिहून वर पारदर्शक चिकटपट्टी लावली की हात धुतले तरी टिकतो.

आत गेल्यागेल्या पहिलं काम म्हणजे त्या दिवसाचं वेळापत्रक मिळवायचं आणि त्यातले ठरावीक वेळेचे कार्यक्रम शोधायचे. गोष्टी, नाच-गाणी, छोट्यांची सत्रं अशा ज्याला जागा मोजून असतात, त्याची नोंद आधी. दिवसभर चालणारी टेबलं (चिकटकाम, रंग, शिंपले हाताळणं) नंतर कधीही करता येतात. बहुतेक लोक उलटं करतात. दाराजवळ दिसलेल्या पहिल्या चिकटकामाच्या टेबलाशी पाऊण तास घालवतात आणि साडेअकराला कळतं की दुपारच्या सत्राच्या जागा संपल्या. सात वर्षांखालच्या मुलांसाठी ‘अहॉय!’ नावाची खेळायची गॅलरी आहे. तिथेही सत्राने प्रवेश असतो, तेव्हा तिच्या वेळा आणि अटी घरूनच पाहून निघा. इमारतीचा कुठला भाग दुरुस्तीसाठी बंद आहे का, तेही आदल्या रात्रीच साइटवर पाहावं.

गर्दी सव्वाअकरापासून चढते आणि तीननंतर उतरते. आवाज सहन न होणारी मुलं असतील तर पहिला तास किंवा शेवटचा दीड तास गाठा. मधल्या वेळी दम खायला शेजारचं क्वीन्स हाउस आहे, तेही फुकट. तिथे जत्रेतली माणसं फारशी फिरकत नाहीत, आणि मधल्या खांबाविना वर चढत जाणारा ट्यूलिप जिना खाली उभं राहून पाहिला की रडवेलं मूलही दोन मिनिटं गप्प होतं.

आता जत्रेतलं खरं सोनं. आमच्या मते ते चिकटकामात नाही, शास्त्रज्ञ आणि स्वयंसेवक बसतात त्या टेबलांवर आहे. सूक्ष्मदर्शक आणि प्लवकांचं (पाण्यात तरंगणारे सूक्ष्म जीव) टेबल दिसलं की तिथे रांग लावा, पंधरा मिनिटं लागली तरी चालेल. मुलांना पाहायचं कसं ते रांगेतच शिकवून ठेवावं: एक हात मांडीवर, दुसऱ्याने एक डोळा झाकायचा, टेबलाला टेकायचं नाही (टेबल हललं की सगळं धूसर), आणि आधी कमी ताकदीचं भिंग. मोठ्या भिंगातून सुरुवात केली तर नुसता पांढरा उजेड दिसतो आणि मूल ‘हो, दिसलं’ म्हणून उठतं. ते खरं म्हणत नसतं. नीट लागलं की डायटम (एकपेशीय शैवाल) दिसतात, काचेच्या डब्यांसारखे, रेषारेषांचे, स्थिर. मधूनच काहीतरी झटका देऊन चौकटीबाहेर जातं. तो कोपेपॉड, कोळंबीच्या नात्यातला चिमुकला जीव. लांबी जेमतेम मिलिमीटर-दोन मिलिमीटर, लांब मिशा आणि बहुधा एकच डोळा. दिव्याच्या उष्णतेने थेंब काही मिनिटांत आटतो आणि आतली हालचाल मंदावते. सगळं निपचित दिसलं तर संकोच न करता नवा थेंब मागा, ते हसत देतात. वनस्पती-प्लवक पृथ्वीवरच्या प्रकाशसंश्लेषणाचा साधारण निम्मा वाटा उचलतात, हे त्या थेंबाकडे पाहत असतानाच सांगावं. नंतर सांगितलं तर ती नुसती माहिती होते.

दुसरं टेबल प्रवाहांचं. पारदर्शक टाकीत रंगीत पाण्याचे थर दाखवतात. गर्दीत ते धड दिसत नाही, म्हणून घरी कसं करायचं ते इथेच देतो. एक लिटर गार पाण्यात ३५ ग्रॅम मीठ (दोन मोठे सपाट चमचे) पूर्ण विरघळवा. समुद्राचा खारटपणा सरासरी एवढाच असतो. त्यात निळा खाण्याचा रंग टाका. दुसऱ्या भांड्यात कोमट साधं पाणी आणि लाल रंग. उंच काचेच्या ग्लासात निळं अर्ध्यापर्यंत भरा. मग पाण्याच्या पातळीला टेकेल असा चमचा उलटा धरून त्याच्या पाठीवरून लाल पाणी अगदी बारीक धारेने सोडा. लाल थर वर तरंगत राहतो आणि मधे जांभळी रेघ दिसते. बिघडतं ते दोन कारणांनी: धार जोरात सोडली जाते, किंवा मीठ तळाशी तसंच राहिलेलं असतं. मग क्रम उलटा करून पाहा, खाली लाल आणि वरून निळं. निळं पाणी सरळ तळाशी बुडी मारतं. ध्रुवाकडे समुद्र गोठताना मीठ बर्फाबाहेर टाकलं जातं, उरलेलं गार आणि खारट पाणी असंच खाली जातं आणि खोल समुद्रातले प्रवाह चालू ठेवतं.

सूक्ष्म प्लास्टिकचं टेबलही बहुधा असतं. पाच मिलिमीटरपेक्षा लहान तुकडा म्हणजे मायक्रोप्लास्टिक. वाळूतून ते वेगळं करायला लावतात. मोठ्या मुलांना हे आवडतं, चार वर्षांची मुलं वाळू उडवतात. लहान भावंडाला दुसरीकडे न्या.

चिकटकामाबद्दल थोडंच. कागदी ताटलीची जेलीफिश झाली की तिचे रिबिनीचे पाय ओल्या गोंदासकट पिशवीत कोंबू नका, बाहेर काढताना ताटली आणि पाय वेगळे होतात. घरून एक बुटांचा रिकामा खोका आणा. फार मोठं सामान वाटतं, पण परतीच्या गाडीतली रडारड वाचते. पाणरंग असतील तर जुना शर्ट वरून चढवा.

दुपारचं जेवण बाहेर हिरवळीवर. आतला कॅफे साडेबारा ते दोन भरलेला असतो. पोळीच्या गुंडाळ्या, काकडी, फळं असं कोरडं आणावं. बाटल्या भरूनच निघा. आवारात समुद्राच्या थीमवरचं खेळाचं मैदान आहे, त्यामुळे जेवणानंतरचा अर्धा तास आपोआप जातो.

जेवणाची वेळ मात्र घड्याळ पाहून ठरवा. वर टेकडीवर रॉयल ऑब्झर्व्हेटरीच्या छपरावर लाल गोळा आहे. १२:५५ ला तो खांबावर अर्धा चढतो, १२:५८ ला टोकाला जातो आणि बरोबर एकला खाली पडतो. १८३३ पासून थेम्समधली जहाजं हे पाहून आपली घड्याळं लावत. वेधशाळेत शिरायला तिकीट आहे, पण गोळा खालून बागेतून फुकट दिसतो. ‘एकला पडतो’ एवढंच सांगितलं तर मुलं पाच सेकंद चुकवतात. १२:५५ पासूनच बोट दाखवून ठेवा. वारा फार असला तर गोळा चढवत नाहीत.

दुपारी जत्रेच्या मजल्यावर चिकटून न राहता कायमच्या गॅलऱ्यांत शिरा. तिथे तेव्हा निवांत असतं. सगळं पाहायचा हट्ट नको, दोनच निवडा. एक, ट्रफाल्गरच्या लढाईत २१ ऑक्टोबर १८०५ ला नेल्सनच्या अंगावर असलेला कोट. डाव्या खांद्याशी गोळीचं भोक आहे, मुलांच्या करंगळीएवढं. जुनं कापड जपायला उजेड मुद्दाम कमी ठेवलेला असतो, तेव्हा डोळे सरावेपर्यंत थांबा आणि फ्लॅश बंद करा. दुसरी, ध्रुवीय प्रदेशांची गॅलरी. १८४५ मध्ये जॉन फ्रँकलिन या ब्रिटिश शोधप्रवाशाबरोबर ‘एरेबस’ आणि ‘टेरर’ ही दोन जहाजं आर्क्टिकमध्ये गेली आणि १२९ माणसांपैकी कोणी परतलं नाही. त्यांच्या मागे सापडलेल्या वस्तू इथे आहेत. जहाजं स्वतः २०१४ आणि २०१६ मध्ये समुद्रतळाशी सापडली. आठ-नऊ वर्षांवरच्या मुलांना हे धरून ठेवतं, त्याहून लहानांना नेऊ नका.

कटी सार्क जहाजालाही (१८६९ सालचं) वेगळं तिकीट आहे. बाहेरून चकटफू बघून घ्या, जत्रेच्या दिवशी आत जायला अंगात त्राण उरत नाही.

त्याऐवजी साडेतीनला नदीवर उतरा. समुद्र इथून बराच दूर, तरी त्याचं पाणी दिवसातून दोनदा ग्रिनिचपर्यंत चढतं. उधाणाला पातळीत सहा मीटरच्या वर फरक पडतो, भांगाला कमी. त्या दिवसाची भरती-ओहोटीची वेळ आधी पाहून ठेवा. ओहोटी असेल तर भिंतीखाली चिखल-गोट्यांचा पट्टा उघडा पडतो आणि मातीच्या जुन्या चिलमींचे पांढरे तुकडे वरूनच दिसतात. मुलं उचलायला धावतील. थेम्सच्या पात्रात काही शोधायला, उचलायला पोर्ट ऑफ लंडन अथॉरिटीचा परवाना लागतो, नुसत्या वर पडलेल्या वस्तूलाही. पायऱ्यांवर शेवाळ असतं आणि पाणी परतलं की फार वेगाने परततं, तेव्हा कठड्यावरूनच पाहावं. भिंतीवरची हिरवी रेघ दाखवा. तिथवर भरती येते, आणि ती बहुतेक मोठ्यांच्याही डोक्याच्या वर असते.

परतताना कटी सार्क स्टेशनबाहेर रांग दिसली तर तिथे थांबू नका. जहाजाशेजारच्या काचेच्या घुमटातून नदीखालचा पादचारी बोगदा सुरू होतो. १९०२ सालचा, ३७० मीटर लांब. लिफ्टवर भरवसा ठेवू नये, बाबागाडी असेल तर जिन्याने उचलून न्यायची तयारी हवी. आत सायकल चालवायला मनाई आहे, तरी मुलांना भिंतीच्या बाजूने चालवा. पलीकडे बाहेर पडलात की दोन-तीन मिनिटांवर आयलंड गार्डन्सचं डीएलआर स्टेशन आहे, आणि तिथे गाडीत बसायला जागाही मिळते. कार्ड लावायला विसरू नका.