जळजळ, बाळाचे केस आणि चरक

सातवा महिना लागला आणि छातीत अशी जळजळ सुरू झाली की रात्री पाठीला दोन उशा लावून बसल्या बसल्याच डुलक्या काढायचे. आणि कुणालाही सांगा, उत्तर एकच, "अगं म्हणजे बाळाला भरपूर जावळ आहे!" सासूबाई, शेजारच्या काकू, पोळ्या करायला येणाऱ्या मावशीसुद्धा.

वैद्यबाईंना सांगितलं तर त्या हसायलाच लागल्या. म्हणाल्या, हे चरकसंहितेत, म्हणजे आयुर्वेदाच्या जुन्या ग्रंथात आहे, शारीरस्थान या भागाच्या ८व्या अध्यायात, बायका म्हणतात गर्भाला केस फुटतात म्हणून जळजळतं, आणि लगेच पुढे ग्रंथातले गुरू आत्रेय म्हणतात की तसं नाही, गर्भाच्या दाबाने दोष (वात, पित्त, कफ) वर छातीत येतात म्हणून जळजळ आणि खाज. म्हणजे तेव्हाच्या बायकाही हेच बोलायच्या! उपाय पण साधा, थोडं थोडं खायचं, गोडसर, तेल-मीठ कमी, वर पाणी बेतानेच. खाजवायचं नाही असंही आहे, ते काही मला जमलं नाही.

बाकी महिन्यांचा हिशोबही तिथेच आहे. सुरुवातीला नुसतं दूध, तिसऱ्यात मध-तूप घालून (दोन्ही सारखं घ्यायचं नाही बरं का), चौथ्यात लोणी, पाचव्यात तूप, आठव्यात दुधातली पेज वर तूप. वाचायला छान वाटतं, पण तिसऱ्या महिन्यात दूध तापायला ठेवलं की मी बाल्कनीत पळायचे. वैद्यबाई म्हणाल्या, मग राहू दे, पोटात टिकतंय ते खा.

घरच्यांचं मात्र "दोन जिवांची आहेस, खा" चालूच. शतावरी कल्प रोज दोनदा दुधातून, आणि सहाव्या महिन्यात शुगर वाढलेली निघाली. डबा फिरवून बघितला तर निम्म्याहून जास्त साखरच! गायनॅकने तो बंद केला, लोहाच्या गोळ्या चालू ठेवल्या, आणि वैद्यबाईंनीही तेच सांगितलं. कुठलंही चूर्ण, काढा घ्यायचा तर दोघींना दाखवूनच, नवव्या महिन्यातली बस्ती (औषधी तेलाचा एनिमा) वगैरे तर स्वतःच्या मनाने अजिबात नको.

चरकातलं मला सगळ्यात आवडलेलं म्हणजे गर्भिणीला काठोकाठ भरलेल्या तेलाच्या भांड्यासारखं जपायचं, हिंदकळू द्यायचं नाही. नवऱ्याला हे सांगितल्यापासून तो स्पीडब्रेकरवर गाडी इतकी हळू घ्यायचा की मागचे हॉर्न मारून मारून दमायचे.

आणि लेक झाली ती डोकंभर काळंभोर जावळ घेऊन. सासूबाई म्हणाल्या, लाव फोन तुझ्या वैद्यबाईंना.