मीटरवर शंभर टक्के, रिअॅक्टरमध्ये त्र्याण्णव

वाळूज एमआयडीसी, मे महिना, पहिली पाळी. रात्रपाळीने हायड्रोजनेशन, म्हणजे नायट्रो संयुगाला हायड्रोजन देऊन त्याचं अमाइन करणं, संपवलं होतं. मी पोचलो तेव्हा क्यूसीचा (गुणवत्ता तपासणीचा) रिझल्ट टेबलावर होता: नायट्रो जवळपास सात टक्के शिल्लक, आलेखावर शेजारी हायड्रॉक्सिलअमाइनचा, म्हणजे अर्ध्या वाटेवर अडकलेल्या मालाचा, छोटा उंचवटा (पीक). तो पीक पाहून पोटात गोळा आला. असा अर्धवट माल तापवला, तर तो स्वतःच उष्णता सोडत बिघडू शकतो.

प्रॉडक्शनवाल्यांचं निदान तोवर झालेलं होतं: कॅटॅलिस्ट (क्रियेला वेग देणारी पूड) मेलं, अजून पॅलेडियम-कार्बन टाका. आमच्याकडे काहीही अडलं की पहिलं खापर कॅटॅलिस्टवर फुटतं. हायड्रोजन भरलेलं भांडं पुन्हा उघडून त्यात ती काळी पूड टाकायची म्हणजे आगीशी खेळ, हे माहीत असूनही.

बॅच दीड किलोमोलची (किलोमोल म्हणजे रेणूंच्या ठरावीक संख्येचं माप), म्हणजे तीनशे किलो नायट्रो. एका नायट्रोचं अमाइन व्हायला हायड्रोजनचे तीन रेणू लागतात, म्हणून हिशोब ४.५ किलोमोलचा. आमच्या मालात रिंगवर क्लोरीन आहे. हायड्रोजन जास्त झाला की तोही निघायला लागतो. त्यामुळे हायड्रोजन घेणं आपोआप थांबेपर्यंत आम्ही वाट बघत नाही, मोजून देतो आणि व्हॉल्व्ह बंद करतो. सगळी भिस्त मीटरवर. मीटर घनमीटर प्रति तास दाखवतो, त्याला २२.४१४ ने भागलं की किलोमोल प्रति तास. डीसीएसमध्ये, म्हणजे प्लांट चालवणाऱ्या संगणकात, हे सूत्र मीच टाकलेलं. रात्री एकूण बेरीज १००.९ घनमीटर झाली होती. भागून बघितलं, बरोबर ४.५.

हायड्रोजनच्या सिलिंडर बँकेवर, म्हणजे एकत्र जोडलेल्या सिलिंडरांवर, आमचे मामा असतात, गंगापूरकडचे, वीस वर्षांचे ऑपरेटर. पाळी संपूनही ते थांबले होते. खिशातली वही काढून म्हणाले, "सर, ह्या टायमाला बँक कमी उतरली. दर बारीला १४० ची ६५ वर येती. आज सत्तरवरच ऱ्हायली."

वहीच्या त्या पानावर पेन्सिलीने मागच्या अकरा बॅचचे आकडे होते, एकाखाली एक. दाबाच्या गेजवर पाच किलोचा (इथे किलो हे दाबाचं माप) फरक म्हणजे एक घर. ७५ च्या जागी ७० उतरली, म्हणजे त्र्याण्णव टक्के. आणि क्यूसी म्हणत होतं, सात टक्के शिल्लक.

इन्स्ट्रुमेंटवाला म्हणाला, मीटर नवा आहे, शटडाऊनमध्येच बसवलाय, कॅलिब्रेशन सर्टिफिकेट आहे. मॅनेजर म्हणाले, बाहेर बेचाळीस डिग्री आहे, गॅस फुगला असेल. हे ऐकून मी खरंच चिडलो. थर्मल मास फ्लो मीटर पाइपातल्या गॅसचं फुगणं मोजतच नाही. तो वस्तुमान ओळखतो आणि सेटिंगमध्ये जे प्रमाण तापमान दिलंय त्या तापमानाचे घनमीटर करून दाखवतो. बाहेरच्या उन्हाचा त्याच्याशी संबंध नाही.

सर्टिफिकेट मागवलं. शेवटच्या ओळीत, बारीक अक्षरात: २० अंश, १.०१३२५ बार. जुना मीटर शून्य अंशाचा होता. दोन्हींच्या डिस्प्लेवर मात्र 'नॉर्मल घनमीटर' हेच. शून्य अंशाला किलोमोलभर वायू २२.४१४ घनमीटर, वीस अंशाला २४.०५५. म्हणजे १००.९ मध्ये किलोमोल होते फक्त ४.१९५. उरलेल्या ०.३०५ च्या हिशोबाने वीस किलो नायट्रो तसाच राहणार होता, आणि तसाच राहिला होता. त्यात आयुपॅकने, म्हणजे रसायनशास्त्राच्या आंतरराष्ट्रीय संस्थेने, १९८२ मध्ये प्रमाण दाब १ बार केला, तो धरला तर शून्य अंशालाच २२.७११ होतात. अकरावीला परभणीत सरांनी '२२.४' बरोबर तापमान आणि दाबही म्हणून घेतला होता. माझ्याकडे आकडा राहिला, अट सुटली.

डेव्हिएशन (ठरल्यापेक्षा वेगळं काय घडलं त्याची नोंद) लिहिलं, क्यूएची (गुणवत्ता हमी विभागाची) सही घेतली, कॅटॅलिस्टला हात न लावता मीटरवर १०८.२ येईपर्यंत हायड्रोजन दिला. पुढच्या सॅम्पलमध्ये नायट्रो नव्हता, क्लोरीन गेलेली अशुद्धी मर्यादेत होती. डीसीएसमधला आकडा त्याच दिवशी बदलला.

बँकेचा दाब बॅच रेकॉर्डमध्ये का नाही, हे मी क्यूएला विचारलं. उत्तर आलं, त्याला रकाना नाही. चाळीस पानांच्या रेकॉर्डमध्ये हात धुतल्याची सही आहे, आणि माल वाचवणारा आकडा मामांच्या खिशात.

दुपारी जाताना मामांनी विचारलं, "मग सर, हायड्रोजन किलोतच काहून नाही दाखवत? नऊ किलो द्यायचा म्हनलं की झालं."

४.५ किलोमोल हायड्रोजन म्हणजे ९.०७ किलो. त्याला ना तापमान लागतं, ना दाब. मीटरमध्ये तो पर्यायही आहे. डिस्प्ले किलो प्रति तासावर न्यावा आणि रेकॉर्डमध्ये बँकेच्या दाबाचा रकाना घालावा, असा चेंज कंट्रोलचा (बदलाच्या मंजुरीचा) अर्ज मी त्याच आठवड्यात दिला. तीन आठवडे झाले, क्यूएच्या टेबलावर आहे. पुढची बॅच गुरुवारी. मामांना सांगून ठेवलंय, बँक उतरताना मला हाक मारा.