1:10 बंब: सक्शननं अखेर पाणी उचललं

मंडळी, मी अग्निशमन बंबाचं खऱ्याच्या एक दशांश मापाचं मॉडेल करतोय. काल रात्री साडेअकराला बादलीतलं पाणी त्याच्या पंपात चढलं. बादली 40 सेंटिमीटर खाली, म्हणजे खऱ्या मापात 4 मीटर! तीन आठवडे याच एका गोष्टीनं झोप उडवली होती, त्यामुळं केबिन आणि दिव्यांचं पुढच्या वेळी.

टाकीवर पंप चालतो हे मागं सांगितलंच होतं. 4500 लिटरची टाकी आपल्या मापात साडेचार लिटरची, पंपाच्या वर बसलेली. पाणी आपसूक खाली येतं आणि ब्रांचमधनं, म्हणजे नळीच्या तोंडातनं, फवारा गच्चीच्या कठड्यापर्यंत जातो. पण सक्शन होज (पाणी ओढायचा पाइप) बादलीत सोडला की नुसती घरघर. सेंट्रिफ्यूगल पंप हवा ओढू शकत नाही, हे पुस्तकी वाक्य मला आता कुठं कळलं. माझा इम्पेलर (पंपातलं फिरणारं चाक) पाणी 4 मीटर चढवतो, पण हवा पाण्यापेक्षा सुमारे 800 पट हलकी. हवेवर तोच इम्पेलर पाण्याला जेमतेम 5 मिलिमीटर ओढ देतो. म्हणून आधी प्रायमिंग, म्हणजे हवा काढून पंप पाण्यानं भरणं.

त्यासाठी 50 मिलीची सिरिंज लावली होती. दांडा ओढला की पाणी निम्म्यावर यायचं आणि परत खाली. कपलिंगचे वॉशर दोनदा बदलले, होज बदलला, काही फरक नाही.

शेवटी गल्लीतले काका आले. फायर ब्रिगेडमधनं निवृत्त झालेत. पाच मिनिटं गप्प बघत बसले, मग म्हणाले, "पोरा, तू पाणी कुठं गळतंय ते शोधाय लागलाईस. सक्शनला पाणी गळत नाही, हवा आत येत्या. ड्राय व्हॅक्यूम घे."

सक्शनला टोपी, डिलिव्हरी बंद, सिरिंजनं हवा ओढायची आणि गेजवर नजर ठेवायची. काटा दहा सेकंदांत शून्यावर आला. मग दाढीच्या ब्रशनं जोडांवर फेस लावत गेलो. कपलिंगवर फेस तसाच. शाफ्टच्या ग्लँडवर (फिरता दांडा पंपात शिरतो तिथल्या सीलवर) लावला तर मधोमध टाचणीच्या डोक्याएवढा खड्डा पडला आणि फेस डोळ्यांदेखत आत गेला. टाकीवर चालवताना तिथं एक थेंबही कधी दिसला नव्हता!

खऱ्या पंपासारखी ग्राफाइटची दोरी भरायचा हट्ट माझाच. 4 मिलिमीटरच्या शाफ्टला ती नीट दबतच नाही. कोल्हापूरच्या उद्यमनगरात एका लेथवाल्या दादांनी ग्लँड बोअर करून दोन ओ-रिंगा बसवून दिल्या, मध्ये ग्रीस. वीस मिनिटांचं काम, पैसे घेईनात. पितळी कामासाठी उद्यमनगर सोडून कुठं जाऊ नका. मोटर मात्र ऑनलाइन मागवलेली. 12000 फेऱ्या छापलेल्या, टॅकोमीटरवर 8000 पण भरल्या नाहीत.

आता सिरिंजच्या जागी दोन पिस्टनचा प्रायमर करणार होतो. पिस्टन हलवणारा कॅम कापूनही झालाय. पण हे लिहिता लिहिताच सुचलं: स्ट्रेनरमध्ये (होजच्या टोकाच्या जाळीत) नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह (पाणी परत खाली जाऊ न देणारी झडप) घातला तर? खऱ्या स्ट्रेनरलाही असतो. टाकीचं पाणी पंपात सोडायचं, होज भरेल, वरच्या कॉकमधनं हवा निघून जाईल. छोटी स्टीलची गोळी आणि रबरी सीट, बस्स. कॅम राहू दे. आधी हेच करतो.

घंटा गुजरीतल्या कारागिरानं ओतून दिली. नखाएवढी आहे, पण आवाज खणखणीत. बंबाच्या दारावर ताराराणी चौक फायर स्टेशनचं नाव लिहिणार. 8 ऑगस्ट 2024 च्या रात्री केशवराव भोसले नाट्यगृह जळत होतं, तेव्हा खासबागेजवळ उभा राहून बंबांचे पंप ऐकले होते. शाहू महाराजांनी 1915 मध्ये उभं केलेलं ते नाट्यगृह आगीत जाताना बघवत नव्हतं, आणि पंप थांबत नव्हते. हा बंब त्या रात्रीनंतरच करायला घेतला. 14 एप्रिलला, अग्निशमन सेवा दिनाला, काकांच्या हातून चालवायचाय.

रविवारी पहाटे पंचगंगा घाटावर चाचणी. खालच्या पायरीवरनं सक्शन, स्टॉपवॉच काकांकडं.