तुम्ही विचारलंत म्हणून: मार्क आहेत, मग पीएचडीच्या अर्जाला आणखी काय लागतं?

बडोद्यात एमएस्सी करणारी मुलं आणि त्यांचे आईवडील हा प्रश्न नेहमी विचारतात. बहुतेकांच्या डोळ्यांपुढे अमेरिकेतली बायोमेडिकल पीएचडी असते, म्हणून तिच्याबद्दलच लिहिते.

मार्कांमुळे अर्ज पहिल्या चाळणीतून सुटतो. पुढे समितीला बघायचं असतं की प्रयोग बिघडला तेव्हा या मुलानं काय केलं. ‘लहानपणापासून जीवशास्त्राची ओढ’ हे वाक्य स्टेटमेंट ऑफ पर्पजमधून, म्हणजे ‘मला हे का करायचंय’ सांगणाऱ्या अर्जातल्या निबंधातून, सरळ काढून टाका. त्या जागी डिझर्टेशनमधली, म्हणजे एमएस्सीच्या प्रबंधातली, एक अडचण नीट मांडा. समजा, वेस्टर्न ब्लॉटला (नमुन्यात एखादं प्रोटीन किती आहे ते दाखवणारी चाचणी) दर लेनमध्ये, म्हणजे प्रत्येक नमुन्याच्या रांगेत, ३० मायक्रोग्रॅम प्रोटीन घातलं आणि सगळीकडे सारखंच घातलंय ना हे तपासायला जे प्रोटीन बघतात त्या बीटा-ॲक्टिनचे बँड सगळीकडे सारखे जाड आले. लोडिंग सारखं झालंय असं वाटतं. पण ॲक्टिन पेशीत मुबलक असतं, एवढ्या प्रोटीनला त्याचा सिग्नल सॅच्युरेट होऊ शकतो, म्हणजे आणखी वाढतच नाही, आणि लोडिंगमधला फरक झाकला जातो. मग ५, १०, २०, ३० मायक्रोग्रॅम असं चढत्या प्रमाणात लावून पाहिलं, सिग्नल कुठपर्यंत सरळ रेषेत वाढतो ते शोधलं आणि तेवढंच प्रोटीन घेऊन ब्लॉट पुन्हा केला. या पाच-सहा ओळींतून विचार करणारा माणूस दिसतो. मुलाखतीतही बहुधा याच कामावर खोदून विचारतात.

शिफारसपत्रं सहसा तीन लागतात. त्यांतलं निदान एक लॅबमध्ये रोज काम पाहणाऱ्या गाइडचं हवं. वर्गात फक्त हजेरी घेणाऱ्या मोठ्या प्राध्यापकांचं पत्र गुळमुळीत होतं. बऱ्याच अर्जांची मुदत डिसेंबरच्या पहिल्या पंधरवड्यात संपते आणि आपल्याकडे नवरात्र ते दिवाळी कुणी हाती लागत नाही. तेव्हा गणपती उठले की लगेच विचारा. ‘तूच लिहून आण’ असं सर म्हणाले तर नम्रपणे नकार द्या. एका पानावर तुमचं काम, वापरलेली तंत्रं आणि अडचणी मुद्द्यांनी लिहून द्या, पत्र त्यांनाच लिहू द्या. तिन्ही पत्रांची भाषा एकसारखी असली की वाचणाऱ्याला लगेच संशय येतो. पत्र विद्यापीठाच्या ईमेलवरून जाईल हेही बघा.

पैशांची धास्ती बरेच पालक घेतात. तिथल्या बहुतेक बायोमेडिकल पीएचडीत ट्यूशन फी माफ असते, वर स्टायपेंड मिळतो. अडचण जागांची आहे. एनआयएच ही तिथली सरकारी वैद्यकीय संशोधन संस्था विद्यार्थ्यांच्या प्रशिक्षणासाठी विद्यापीठांना जी ट्रेनिंग ग्रँट देते, तिचा पैसा अमेरिकन नागरिक आणि कायम रहिवाशांनाच मिळतो, त्यामुळे परदेशी मुलांसाठी जागा कमी उरतात. म्हणून विद्यापीठाचं नाव बघण्याआधी तिथं सध्या किती परदेशी विद्यार्थी आहेत ते बघा.

सीएसआयआर-नेट, म्हणजे आपल्याकडची संशोधन फेलोशिपची राष्ट्रीय परीक्षा, मात्र सोडू नका. तिच्यातून जेआरएफ (ज्युनियर रिसर्च फेलोशिप) मिळाली तर इथं पहिली दोन वर्षं महिना ३७,००० रुपये आणि शिवाय घरभाडं मिळतं.

एका अर्जाची फी साधारण ७५ ते १०० डॉलर पडते, म्हणजे आठ अर्जांना पन्नास हजारांच्या वर जातात. काही विद्यापीठं ती माफ करतात, पण अर्ज सबमिट करण्याआधी मागावं लागतं. एकदा भरलेली फी सहसा परत मिळत नाही.