एकटीने उचलता येईल तीच गाडी

मी टूरला स्कूटरनेच जाते. का, ते कळायला आधी पडलेल्या बाईकची गोष्ट सांगते, म्हणजे पुढचं सगळं नीट कळेल.

तीन वर्षांपूर्वी मी नवऱ्याची साडेतीनशे सीसीची बाईक घेऊन एकटी दिवेआगरला गेले होते. चालवायला येत होती मला, घोडबंदर रोडला चार महिने रोज पहाटे प्रॅक्टिस केली होती, हायवेला मस्त पळाली पण. दिवेआगरला सुरूच्या बनाकडे जाणाऱ्या वाटेवर गाडी वळवून परत यायचं होतं, वाट थोडी उतरती, वर रेती पसरलेली, मी थांबले आणि डावा पाय टेकवायला गेले तर जमीन चार बोटं खालीच निघाली. बाईक हळूच कलली. थोडी कलली तोवर धरून ठेवता येते, त्याच्या पुढे गेली की ती आपलं ऐकत नाही. 195 किलोची गाडी. मला लागलं काही नाही, गाडीचंही फार नुकसान नाही, पण ती उचलता येईना. हँडल धरून ओढलं, सीटला पाठ लावून पाय रोवून बघितलं, रेतीत पायच सरकत होते आणि टाकीच्या झाकणातून पेट्रोल ठिबकायला लागलं होतं. वीसेक मिनिटांनी नारळ उतरवणारे दोघं तिकडून आले, "थांबा ताई, तुम्ही हात नका लावू" म्हणाले आणि दोघांनी मिळून उभी करून दिली. पाणी प्यायला दिलं, पैसे काही घेतले नाहीत. पण ठाण्याला पोचेपर्यंत डोक्यात एकच चाललं होतं, हे दोघं आले नसते तर? काळोख पडला असता तर?

माझी उंची पाच फूट एक इंच, वय तेव्हा त्रेचाळीस. घरी आल्यावर नवऱ्याला म्हटलं, यापुढे मी टूरला जी गाडी नेईन ती पडली तर मला एकटीला उभी करता आली पाहिजे. तो म्हणाला मग तुझी स्कूटरच राहिली. तो सहज बोलून गेला, मी मात्र खरंच धरून बसले. खाली पार्किंगमध्ये जाऊन 125 सीसीची स्कूटर, जिच्यावर मी स्टेशन आणि जांभळी नाक्याचा भाजीबाजार करते, ती जुन्या चटईवर मुद्दाम आडवी केली आणि उचलून बघितली. 103 किलो. पहिल्या झटक्यात उभी राहिली. मग दुसऱ्या बाजूने पाडून उचलली. वॉचमन काका बघत होते, त्यांना वाटलं पडलीच गाडी, धावत आले बिचारे.

तेव्हापासून स्कूटरनेच फिरते. आत्ता मीटर 34 हजारावर आहे, त्यातले निम्मे तरी बाहेरगावचे. माळशेज झाला, भंडारदरा, वाई, आणि गेल्या डिसेंबरला सगळ्यात मोठी ठाणे ते मालवण, सागरी मार्गाने.

त्या रस्त्याबद्दल सांगायलाच हवं कारण तो रस्ता जणू स्कूटरसाठीच आहे असं मला वाटतं. ठाण्याहून पहाटे पाचला कळवा, ऐरोली, ठाणे-बेलापूर रोडने पनवेल, मग कर्नाळा, पेण, वडखळपर्यंत मोठा हायवे, तिथून अलिबागकडे वळलं की ट्रकांची गर्दी मागे राहते. रेवदंडा, मुरुड, आगरदांडा. पुढे रस्ता संपतो आणि पाणी लागतं. राजपुरीच्या खाडीत आगरदांडा ते दिघी फेरीबोट, सावित्रीच्या मुखाशी बागमांडला ते वेशवी दुसरी, वाशिष्ठीवर दाभोळ ते धोपावे तिसरी, शास्त्री नदीवर तवसाळ ते जयगड चौथी. चार दिवसांत चार वेळा मी स्कूटर बोटीत चढवली. बोटीचा तो लोखंडी उतार ओला असतो, कधी शेवाळ, कधी डिझेलचा तवंग, आणि आत गेल्यावर खलाशी सांगतो "ताई, पार कोपऱ्यात घ्या", म्हणजे एका जीपच्या आणि कठड्याच्या मधल्या दोन फुटांत. दोन्ही पाय पूर्ण टेकवून ढकलत ढकलत नेता येते, डबल स्टँडला लावली की बोट डुलली तरी हलत नाही. दाभोळला एकजण मोठी अॅडव्हेंचर बाईक घेऊन होता, चांगला उंचापुरा माणूस, पण उलटी घेताना त्याला दोघांनी मागून धरावं लागलं. चालवणारा चांगलाच होता, पण एवढं वजन उतारावर मागे घ्यायला माणसं लागतातच.

इथे लोक विचारतात पॉवरचं काय. मी उलटं विचारते की पॉवर वापरणार कुठे? आपल्याकडे मुंबई-पुणे एक्सप्रेसवेला टू-व्हीलरला बंदी, अटल सेतूला बंदी, समृद्धीला बंदी. म्हणजे जिथे खरंच एकशे वीसने पळता येईल ते रस्ते आपल्यासाठी नाहीतच. उरतात ते जुने हायवे, घाट आणि गावातून जाणारे रस्ते, तिथे कोंबड्या, शाळेची पोरं, वळणावर बैलगाडी. केळशी ते आंजर्ले रस्त्याला मी तीस-पस्तीसच्या वर गेलेच नाही आणि जावंसंही वाटलं नाही.

आता घाट उतरण्याबद्दल, हे जरा सविस्तर लिहिते कारण कोणी नीट सांगत नाही आणि यात अपघात होतात. स्कूटरला गिअर नसतात. आत बेल्ट असतो, दोन पुली असतात ज्यांची रुंदी स्पीडप्रमाणे कमीजास्त होते, आणि मागच्या चाकाशी एक क्लच असतो जो इंजिन जोरात फिरलं की आपोआप पकडतो आणि मंदावलं की सोडतो. उतारावर आपण रेस पूर्ण बंद करून ब्रेक दाबत हळू गेलो की एका क्षणी क्लच सुटतो, गाडी मोकळी होते आणि एकदम पळायला लागते. बाईकवाला सेकंडला टाकून निवांत उतरतो, आपल्याकडे ती सोय नाही. मग माणूस घाबरून सतत ब्रेक दाबून ठेवतो, ब्रेक तापतात, आणि तापले की धरत नाहीत. सागरी मार्गावर मोठे घाट नाहीत पण प्रत्येक खाडीपाशी तीव्र उतार आणि पलीकडे तेवढाच चढ असतो, त्यामुळे दिवसभर हेच चालतं. मी करते ते असं, गाडी मोकळी झालीये असं वाटलं की किंचित रेस द्यायची, क्लच पकडल्याचा हलका झटका जाणवतो, मग रेस सोडायची, की इंजिन थोडं ओढून धरतं. ब्रेक दोन्ही एकत्र, थोडा वेळ दाबायचे, पूर्ण सोडायचे, परत दाबायचे. वळणाच्या आधी स्पीड कमी, वळणात नाही. आणि पेट्रोल वाचवायला उतारावर इंजिन बंद करायची सवय कोणाला असेल तर कृपा करून सोडा, घरी कोणीतरी वाट बघतंय.

चढाला उलट. स्कूटर चढते, सामानासकट चढते, फक्त हळू. चढावर ट्रॅफिकमध्ये थांबलात तर ब्रेक धरा, रेसवर गाडी तोलून धरू नका, क्लच जळतो आणि त्याचा वास नाकात बसतो. निघायच्या आधी मी बेल्ट बदलून घेतला, मीटरवर तेव्हा 21 हजार होते, आणि जुना अजून बरा होता तो डिकीत ठेवला. बेल्ट तुटला तर गाडी जागची हलत नाही, हे लक्षात ठेवा. पण वस्तीत कुठेही विचारा, स्कूटर उघडणारा मेकॅनिक मिळतो कारण गावागावात आता स्कूटरीच आहेत. गुहागरच्या अलीकडे माझी ब्रेकची केबल सैल झाली होती, रस्त्याच्या कडेच्या पंक्चरवाल्याने पाच मिनिटांत आवळून दिली.

सामान कसं नेता हे बायका मला हमखास विचारतात. फूटबोर्डवर पायांच्या मध्ये वीस लिटरची सॅक, जड सामान त्यात. स्कूटरचं इंजिन मागे, आपण मागे, त्यामुळे पुढचं चाक हलकं असतं, फूटबोर्डवर वजन ठेवलं की पुढची बाजू स्थिर होते. सगळं मागे सीटवर बांधलं तर ऐंशीला हँडल थरथरतं, मी अनुभव घेतलाय. डिकीत रेनकोट, पंक्चर किट, हवा भरायचा छोटा पंप. डिकी खालून तापते, औषधं आणि पॉवर बँक तिथे ठेवू नका. टाकी पाच लिटरची, मला सामानासकट 48 चं अॅव्हरेज पडलं, हिशोबाने दोनशे चाळीस किलोमीटर जायला हवी पण मी अर्धी झाली की भरते, कारण आडवाटेला पंप कधी लागेल याचा भरवसा नसतो.

या सगळ्यात मला एक माणूस फार जवळचा वाटतो, कोराडिनो डी'अस्कानियो. व्हेस्पा ही इटलीची स्कूटर याने डिझाइन केली, 1946 ची गोष्ट. हा मूळचा विमानाचा इंजिनिअर, हेलिकॉप्टरवर काम केलेला, आणि त्याला मोटरसायकली आवडायच्या नाहीत. कपडे खराब होतात, टायर बदलणं त्रासाचं, बसायला टांग टाकावी लागते. म्हणून त्याने इंजिन झाकलं, पाय ठेवायला सपाट जागा दिली, पुढे ढाल दिली, चाक एका बाजूने धरलं म्हणजे पटकन काढता येईल. ऐंशी वर्षं होत आली आणि मी आज बोटीत जी सॅक पायाशी ठेवते ती जागा त्याने दिलेली आहे. पुढे त्याच जातीची बजाज चेतक 1972 ला आली आणि आमच्या बाबांनी तिच्यावर आईला मागे बसवून ठाण्याहून कऱ्हाड गाठलं होतं, मी सहा वर्षांची, पुढे उभी. खंबाटकीत गाडी थंड करायला थांबलो होतो ते आठवतं, बाबांनी स्टेपनीवर बसून मला संत्रं सोलून दिलं होतं. तेव्हा त्याला कोणी टूरिंग म्हणत नव्हतं, गावाला जाणं म्हणायचे.

कमी काय आहे तेही सांगते. परत येताना मी गगनबावड्याने कोल्हापूरला चढले आणि तिथून पुण्यापर्यंत मोठा हायवे, तो दिवस मला आवडला नाही. कंटेनर बाजूने गेला की आधी आपल्याला ढकलतो आणि मग आत ओढतो, हलक्या गाडीला हे फार जाणवतं, दोन्ही हात सैल पण सावध ठेवावे लागतात. ओव्हरटेक करायला दम लागतो, म्हणून मी करतच नाही, डाव्या लेनमध्ये पासष्टने. लहान चाक खड्ड्यात पूर्ण जातं, मागचं तर दहाच इंचाचं, तीन तासांनंतर कंबर बोलायला लागते. संध्याकाळी काळोख पडल्यावर चालवत नाही, पाचला मुक्कामाची जागा शोधायला लागते. दिवसाला दोनशे, फार तर अडीचशे किलोमीटर. ज्याला एका दिवसात गोवा गाठायचंय त्याने बाईक घ्यावी, बरोबरच आहे त्याचं.

मला राग येतो तो एकाच गोष्टीचा. माजिवड्याला रविवारी पहाटे जमणाऱ्या एका ग्रुपमध्ये मी विचारलं होतं, येऊ का, तर उत्तर आलं स्कूटर असेल तर नको, सगळ्यांचा स्पीड पडतो. तिथे अजून दोघी होत्या ज्यांच्याकडे स्कूटरच होती, त्या त्यानंतर कुठेच गेल्या नाहीत. मोठी बाईक येईपर्यंत प्रवासाला थांबायचं असं त्यांनी ठरवून टाकलं, आणि ती बाईक दोन लाखांच्या पुढे, घरात पोरांच्या फिया, म्हणजे कधी येणार? त्या दोघींना मी आता दर आठवड्याला मेसेज करते.

देवगडच्या पुढे एका घरगुती खाणावळीत जेवायला थांबले होते. मावशी बाहेर आल्या, नंबरप्लेट बघितली, "ठाण्यासून ह्या स्कूटरीर इलंस? एकटी?" मी हो म्हटलं. त्या म्हणाल्या त्यांच्या सुनेची पण अशीच आहे, पण ती कणकवलीच्या पुढे नेत नाही. सून आतून बाहेर आली आणि जेवण वाढायचं सोडून मला अर्धा तास विचारत बसली, बेल्ट काय, हवा किती, बोटीचं तिकीट किती, रात्री कुठे राहिलीस, भीती नाही वाटत? बांगडा थंड झाला पण मी सगळं सांगितलं. निघताना तिने माझी स्कूटर डबल स्टँडवरून काढून अंगणातच वळवून दिली. मोठ्या बाईकला लोक लांबून बघतात, फोटो काढतात. स्कूटरला कोणी हात लावायला कचरत नाही.

परतीच्या वाटेवर मुंबईच्या बाजूला खंडाळ्याहून जुन्या घाटाने उतरले, शिंग्रोबाच्या देवळापाशी थांबले, ब्रेक थंड होऊ दिले, नारळाचा तुकडा मिळाला तो खाल्ला. मग खोपोली, पनवेल, आणि संध्याकाळी सहाला घरी.

फेब्रुवारीत ताईला मागे बसवून माळशेजमार्गे जुन्नरला जायचंय, तिचं वय अठ्ठावन्न आणि बाईकवर टांग टाकून बसणं तिला गुडघ्यामुळे जमत नाही, स्कूटरवर जमतं. दोघी असणार म्हणजे मागे हवा जास्त लागेल. मागचा टायर पण बघितला, मधली नक्षी जवळजवळ गेलीये, शनिवारी बदलून घेते.